इन्फेक्शन कंट्रोलच्या कामात विचारायला माणूस कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बोरिवलीच्या बाजूला ४० खाटांचं नर्सिंग होम, त्यात ६ खाटांचं आयसीयू, एक ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि खालच्या मजल्यावर डायलिसिस. एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेची) तयारी सुरू झाली आणि स्टाफ नर्सचं काम सांभाळून इन्फेक्शन कंट्रोलही तुमच्याकडे आलं. आता मॅनेजमेंट म्हणतं, 'एखाद्या प्रोफेशनल ग्रुपची मेंबरशिप घ्या.' व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपांत तुम्ही आहातच, पण तिथे शुभ सकाळ आणि वेबिनारची सर्टिफिकेटं यापलीकडे फारसं काही येत नाही. शिवाय मेट्रननी बजावलंय की आपल्याकडचं काहीही बाहेर बोलायचं नाही. मग कुठला ग्रुप घ्यावा, पैसे भरावेत का, आणि भरले तरी तिथे बोलायचं काय?

मी मुंबईतल्या एका मोठ्या ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये बरीच वर्षं इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. त्याआधी आयसीयूत होते. पश्चिम उपनगरातल्या छोट्या नर्सिंग होमच्या सिस्टर्सशीही माझा नेहमीचा संबंध येतो, त्यामुळे तुमची अडचण माझ्या ओळखीची आहे. तुम्ही विचारलंय ग्रुपबद्दल, पण तुमचं लिहिलेलं वाचून मला दिसतं ते असं: रात्री साडेनऊला कल्चरचा (नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा) विचित्र रिपोर्ट हातात पडतो, कन्सल्टंट फोन उचलत नाहीत, आरएमओ (ड्युटीवरचा निवासी डॉक्टर) नवीन आहे, आणि 'ताई, हे काय असेल हो?' असं हक्काने विचारावं असं तुमच्याकडे कोणी नाही. ही उणीव मेंबरशिपच्या पावतीने भरून निघत नाही. ती भरून काढायचा रस्ता वेगळा आहे आणि तो तुमच्या नर्सिंग होमपासून फार लांब नाही.

आधी हे सांगते की माझं उत्तर सगळ्यांना सारखं लागू पडणार नाही. तुमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी मायक्रोबायोलॉजिस्ट येतात का, की सॅम्पल बाहेरच्या लॅबला जातं आणि रिपोर्ट मेलवर येतो? इन्फेक्शन कंट्रोलसाठी तुम्हाला ड्युटीत वेगळे तास दिलेत, की वॉर्ड सांभाळून उरलेल्या वेळात करायचं? घरी लहान मूल आहे का, रविवार मोकळा असतो का? ज्या सिस्टरच्या हॉस्पिटलमध्ये स्वतःची लॅब आणि पूर्णवेळ मायक्रोबायोलॉजिस्ट आहेत तिची गरज वेगळी. मी इथे तुमच्यासारख्या एकट्या पडलेल्या सिस्टरला धरून लिहिते आहे.

एकटं पडणं हा तुमचा दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की किमान दर २५० खाटांमागे इन्फेक्शन कंट्रोलचा एक पूर्णवेळ माणूस असावा, आणि दर १०० खाटांमागे एक असेल तर उत्तम. २५० हा आकडा मुळात अमेरिकेतल्या १९७० च्या दशकातल्या एका मोठ्या अभ्यासातून आला. जिथे इन्फेक्शनवर नीट पाळत होती, प्रशिक्षित नर्स होती, जाणकार डॉक्टर होते आणि सर्जनना त्यांचे आकडे परत कळवले जात होते, तिथे हॉस्पिटलमध्ये होणारी इन्फेक्शन साधारण एक तृतीयांशाने कमी झाली, असं त्यात दिसलं. आता ४० खाटांच्या नर्सिंग होमला हा हिशेब लावला तर वाट्याला अर्धा माणूसही येत नाही. आणि मुंबईत अशी नर्सिंग होम गल्लोगल्ली आहेत. प्रत्येक ठिकाणी एकेक सिस्टर तेच प्रश्न घेऊन बसलेली असते आणि शेजारच्या इमारतीतली दुसरी त्याच प्रश्नाशी झगडते आहे हे तिला माहीत नसतं.

मोठ्या संस्थांबद्दल पटकन सांगून टाकते. हॉस्पिटल इन्फेक्शन सोसायटी ही आपल्याकडची या विषयाला वाहिलेली संस्था. तिची वार्षिक परिषद हिसिकॉन नावाने भरते आणि तिथे नर्सेसही जातात. इंडियन असोसिएशन ऑफ मेडिकल मायक्रोबायोलॉजिस्ट्स ही मुख्यतः डॉक्टरांची. तिची परिषद मायक्रोकॉन. तिच्या महाराष्ट्र शाखेच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. अमेरिकेची एपिक ही इन्फेक्शन कंट्रोलची संस्था १९७२ पासूनची आहे. सीआयसी हे इन्फेक्शन कंट्रोलचं प्रमाणपत्र अमेरिकेतल्या वेगळ्या बोर्डाकडून मिळतं, पण त्याची तयारी करणाऱ्यांना एपिकचं साहित्य उपयोगी पडतं. फी मात्र डॉलरमध्ये. आपल्या आरोग्य मंत्रालयाची इन्फेक्शन कंट्रोलची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं जानेवारी २०२० मध्ये आली, ती फुकट उतरवून घेता येतात, आणि माझ्या मते कुठलीही फी भरण्याआधी ती वाचून काढावीत.

पैसे भरावेत का, तर मॅनेजमेंट भरत असेल तर एक देशातली मेंबरशिप जरूर घ्या. परिषदेला गेलात की ओळखी होतात, सीएनईचे (नर्सेसच्या पुढच्या शिक्षणाचे) क्रेडिट मिळतात, फाइलला पुरावा लागतो तोही होतो. स्वतःच्या पगारातून भरायचे असतील तर या वर्षी थांबा. परदेशी चर्चा वाचायला चांगल्या असतात, पण जुलैत आपल्या ओटीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली, ऑटोक्लेव्हमधून निघालेले पॅक ओले येतायत आणि एसीचा मेकॅनिक सोमवारशिवाय येणार नाही, हा प्रश्न तिकडच्या सिस्टरला समजावण्यातच तुमची संध्याकाळ जाईल. कांदिवलीच्या सिस्टरला तो अर्ध्या वाक्यात कळतो.

आता मुख्य मुद्द्यावर येते. बहुतेक ग्रुप सारख्या लोकांचे असतात. मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या आयसीएन (इन्फेक्शन कंट्रोल नर्स) एकत्र, महापालिकेच्या हॉस्पिटलमधल्या एकत्र, डायलिसिसचे टेक्निशियन तिसरीकडे. यात गैर काही नाही. पण जंतू या वर्गवारीने फिरत नाहीत. ते रुग्णाबरोबर फिरतात, आणि मुंबईतला रुग्ण खूप फिरतो. नर्सिंग होममध्ये दाखल झाला, बिघडला म्हणून मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत गेला, तिथे तीन आठवडे राहिला, मेडिक्लेम संपला म्हणून परत तुमच्याकडे आला, मग ट्रॅकिऑस्टॉमी (गळ्यातली श्वासाची नळी) आणि लघवीच्या कॅथेटरसकट घरी गेला, तिथे नर्सिंग ब्यूरोची सिस्टर आली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सेंटरला रिक्षाने. एकाच माणसाने चार-पाच ठिकाणच्या खाटा, चादरी आणि हात वापरले. या प्रत्येक ठिकाणी इन्फेक्शन कंट्रोल बघणारी कोणीतरी आहे. त्या एकमेकींना ओळखतात का? बहुतेक वेळा नाही. म्हणून माझा आग्रह असतो की तुमचा ग्रुप तुमच्या रुग्णांच्या वाटेवरच्या लोकांचा असावा.

कॅन्डिडा ऑरिसचं उदाहरण घ्या. ही बुरशी पहिल्यांदा २००९ मध्ये जपानमधून नोंदवली गेली आणि आता भारतातल्या मोठ्या आयसीयूंना ती नवी नाही. ती रुग्णाच्या त्वचेवर काही लक्षण न दाखवता महिनोन्‌महिने राहते, बेडच्या रेलिंगवर, बीपीच्या कफवर टिकते, आणि रोजच्या पुसण्यात वापरली जाणारी क्वाटर्नरी अमोनियमची द्रावणं तिच्यावर नीट चालत नाहीत, हायपोक्लोराइट (हायपो) चालतं. त्यात आणखी एक अडचण अशी की काही लॅबमधली मशीन तिला ओळखण्यात चुकतात आणि रिपोर्टवर कॅन्डिडा हिम्युलोनी या दुसऱ्याच बुरशीचं नाव लिहून येतं. ज्या सिस्टरला हे माहीत नाही ती रिपोर्ट फाइलला लावून मोकळी होते. माहीत असलेली लॅबला फोन करून म्हणते, 'हे दुसऱ्या पद्धतीने, माल्डी-टॉफ या जंतू ओळखणाऱ्या मशीनवर, पक्कं करून द्या,' आणि तोवर रुग्णाला वेगळं ठेवते. असा रुग्ण मोठ्या हॉस्पिटलमधून तुमच्याकडे येताना डिस्चार्ज कार्डावर त्याचा उल्लेख असेलच असं नाही. औषधांची यादी असेल, एमआरआयचा निष्कर्ष असेल, पण 'हा कॅन्डिडा ऑरिस पॉझिटिव्ह आहे' ही ओळ हमखास राहून जाते. तिथल्या आयसीएनचा नंबर तुमच्याकडे असेल तर दोन मिनिटांत कळतं. रुग्ण यायच्या आधी कोपऱ्यातली खाट रिकामी करता येते, त्याचा बीपी कफ वेगळा ठेवता येतो, मावशींना सांगता येतं की या खाटेला हायपोच वापरायचं.

दुसरं उदाहरण आमच्या पश्चिम उपनगरातल्या छोट्या गटातलं. एका सिस्टरने असा मेसेज टाकला होता (लॅप कोले म्हणजे दुर्बिणीने पित्ताशय काढणं, पोर्ट म्हणजे त्यासाठी पोटावर पाडलेलं छिद्र, ग्लुटरल्डिहाइड हे जंतुनाशक द्रावण): 'लॅप कोलेची रुग्ण. पाचव्या आठवड्यात पोर्टच्या जागी गाठ, पाण्यासारखा पू. साधं कल्चर ४८ तासांत नो ग्रोथ. ॲंटिबायोटिक दोनदा बदललं, फरक नाही. इन्स्ट्रुमेंट ग्लुटरल्डिहाइडमध्ये ठेवतो, नंतर उकळलेल्या पाण्यात धुतो. लॅबला काय सांगू?' मेसेज बघा किती नेमका आहे. किती आठवड्यांनी झालं, काय दिसतं, काय करून झालं, इन्स्ट्रुमेंटचं काय करतो, आणि शेवटी एकच प्रश्न. रुग्णाचं नाव नाही, सर्जनचं नाही, नर्सिंग होमचंही नाही. गटातल्या मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडमनी लगेच लिहिलं की झेडएन स्टेन (टीबीसारखे जंतू दाखवणारी तपासणी) मागा, प्लेट दोन दिवसांत फेकू नका असं लॅबला सांगा, आणि घाईने एकेटी (टीबीची औषधं) सुरू करू देऊ नका. कारण हे चित्र टीबीच्या भावंडांतल्या लवकर वाढणाऱ्या जंतूंचं असू शकतं. ते पाण्यात राहतात, ग्लुटरल्डिहाइडमध्ये थोडा वेळ बुडवून मरतीलच असं नाही, आणि नेहमीच्या टीबीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत.

पुढच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आणखी एका सिस्टरने सांगितलं, 'आमच्याकडेही अशी एक होती, आम्ही टाक्यांची रिॲक्शन समजलो.' मग तिसरीकडूनही तेच. एकेका नर्सिंग होममध्ये एकेकच रुग्ण, त्यामुळे कोणालाही ही साथ वाटली नव्हती. तारखा आणि ऑपरेशनचे तपशील जुळवल्यावर कळलं की तिन्हीकडे एकच व्हिजिटिंग सर्जन स्वतःचा लॅप्रोस्कोपीचा सेट बॅगेत घेऊन जात होते. सकाळी एका ठिकाणी, दुपारी दुसऱ्या. दोन ऑपरेशनांच्या मध्ये सेट खोलून, ब्रशने घासून, वाळवून, नीट स्टरलाइझ करायला वेळच नव्हता. ट्रेमध्ये वीस मिनिटं बुडवायचा आणि उकळलेल्या पाण्यातून काढायचा. पोटात जाणाऱ्या इन्स्ट्रुमेंटला एवढं पुरत नाही. सांध्यातला चिकटलेला रक्ताचा अंश निघाला नाही तर वरून कुठलंही द्रावण ओता, आत पोचत नाही. आणि शेवटचं धुणं निर्जंतुक पाण्याने झालं नाही तर त्या पाण्यातले जंतू पुन्हा इन्स्ट्रुमेंटवर बसतात.

हे सर्जनना सांगितलं कसं, हेही सांगते, कारण ते तितकंच महत्त्वाचं आहे. ग्रुपवर त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडम त्यांच्याशी समोरासमोर बोलल्या, रिपोर्ट दाखवले. ते शहाणे गृहस्थ निघाले. त्यांनी दुसरा सेट घेतला, खोलता येणारी इन्स्ट्रुमेंट घेतली, आणि सेट ईटीओला (वायूने निर्जंतुक करायला) पाठवून आणायची सोय केली. त्यानंतर आमच्या गटात तसा नवा रुग्ण कोणाकडून कळला नाही. तीन हॉस्पिटलच्या तीन वेगळ्या कमिट्यांना जे कधीच दिसलं नसतं ते एका टेबलाभोवती बसल्यावर दिसलं. माझ्या दृष्टीने अशा गटाचं सगळ्यात मोठं काम हेच आहे. सर्टिफिकेट, भाषणं, पोस्टर स्पर्धा यांचा नंबर त्यानंतर लागतो.

मग गटात कोण हवं? तुमच्यासारख्या दोन-तीन नर्सिंग होमच्या सिस्टर. तुमचे रुग्ण जिथे पाठवले जातात त्या मोठ्या हॉस्पिटलची आयसीएन. डायलिसिसचा एक सीनियर टेक्निशियन. आरओच्या पाण्यातल्या जंतूंबद्दल आणि हेपेटायटिस बी पॉझिटिव्ह रुग्णाच्या वेगळ्या मशीनबद्दल त्याला जितकं कळतं तितकं आपल्याला नाही. एखाद्या सीएसएसडीचे (इन्स्ट्रुमेंट निर्जंतुक करणाऱ्या विभागाचे) इन्चार्ज. घरी रुग्ण सांभाळणाऱ्या चांगल्या ब्यूरोच्या सिस्टर, कारण कॅथेटर घरी गेल्यावर त्याचं काय होतं हे आपण कधी बघतच नाही. आणि एक मायक्रोबायोलॉजिस्ट ज्यांना शिकवायची आवड आहे. दहा-बारा माणसं पुरे. पन्नासच्या वर गेलं की लोक विचारायला लाजतात आणि शुभ सकाळ सुरू होते.

सुरुवात ग्रुप बनवून करू नका, एका फोनने करा. पुढच्या वेळी तुमचा रुग्ण मोठ्या हॉस्पिटलला शिफ्ट होईल तेव्हा ट्रान्सफर नोटवर चार ओळी तुमच्या हाताने लिहा: सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) कुठल्या तारखेला घातली, कॅथेटर कधीचा, कुठलं कल्चर पाठवलंय आणि रिपोर्ट कधी येणार, आधी औषधांना दाद न देणारा (रेझिस्टंट) जंतू निघाला होता का. मग दुसऱ्या दिवशी तिथल्या बोर्डवर फोन लावून इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर मागा आणि सांगा, 'काल आमच्याकडून रुग्ण आलाय, त्याचा ब्लड कल्चरचा रिपोर्ट आज आला, तुम्हाला पाठवू का?' मी त्या टोकाला अनेकदा बसले आहे. असा फोन येतो तेव्हा फार बरं वाटतं, कारण तो क्वचितच येतो. अशा माणसाला पुढच्या वेळी नाही म्हणणं कोणालाही जमत नाही.

भेटीचं म्हणाल तर मुंबईत ट्रेनची लाइन बघूनच गट करावा लागतो. कल्याणची सिस्टर जनरल शिफ्ट संपवून अंधेरीला येणार नाही, आणि तिने का यावं? वेस्टर्नचा गट वेस्टर्नला, सेंट्रलचा सेंट्रलला. दोन महिन्यांतून एकदा, दुपारी तीन ते पाच, पाळीपाळीने एकेकीच्या हॉस्पिटलमध्ये. पहिला अर्धा तास तिच्याबरोबर राउंड. मग चहा आणि एकच विषय. राउंड अजिबात चुकवू नका. दुसऱ्याच्या डर्टी युटिलिटीत उभं राहिलं, हँडरबची बाटली खाटेपासून किती लांब टांगली आहे हे बघितलं, ऑटोक्लेव्हचं रजिस्टर उघडलं, की व्याख्यानातून न कळलेलं कळतं. एका छोट्या नर्सिंग होममध्ये आम्ही पाहिलं की कचऱ्याच्या पिवळ्या आणि लाल पिशव्यांच्या वर सिस्टरने मावशींच्या सोयीसाठी खऱ्या सिरिंजचा, खऱ्या ग्लोव्हचा आणि रक्ताने माखलेल्या कापसाचा फोटो चिकटवला होता. लिहिलेलं काहीच नाही. छापील तक्त्यापेक्षा तिथली विभागणी चोख होती. महिन्याभरात तो फोटो आमच्यापैकी बऱ्याच जणींच्या भिंतीवर लागला.

भाषेचा बाऊ करू नका. आमच्या बैठकीत मराठी, हिंदी, मध्येच दोन सिस्टरचं आपसात मल्याळम, असं सगळं चालतं. मात्र मावशी आणि वॉर्डबॉय यांच्यासाठी जे काही बनवाल ते मराठीत आणि हिंदीत बनवा आणि गटात वाटा. प्रत्येकीने एकट्याने तेच भाषांतर करत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे.

बोलायचं काय आणि काय नाही, याबद्दल माझे नियम कडक आहेत. रुग्णाचं नाव, आयपीडी नंबर, खाट नंबर, चेहऱ्याचा फोटो गटात जात नाही. रिपोर्टचा फोटो टाकताना वरची पट्टी आणि बारकोड दोन्ही झाकायचे. बारकोड झाकायला लोक विसरतात. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाच आहे, पण कायदा नसता तरी रुग्णाची गोष्ट ही त्याचीच. डॉक्टरचं नाव, हॉस्पिटलचं नाव तक्रारीच्या सुरात कधीच नाही. आणि गटात विचारलं म्हणजे कळवलं असं होत नाही. टीबी २०१२ पासून नोटिफायेबल आहे (सरकारला कळवणं बंधनकारक), त्याची नोंद निक्षय या सरकारी पोर्टलवर झालीच पाहिजे. कॉलरासारखं काही वाटलं तर आधी महापालिकेच्या वॉर्डच्या एमओएचना (आरोग्य अधिकाऱ्यांना) कळवा, मग मैत्रिणींना.

आकड्यांची तुलनाही गटात करू नका. नव्या सिस्टर यात हमखास अडकतात. तुमच्या आयसीयूत एखाद्या महिन्यात सेंट्रल लाइनचे ४० दिवस भरले आणि एक क्लॅब्सी (लाइनमुळे रक्तात झालेलं इन्फेक्शन) झाली तर दर हजार लाइन-दिवसांमागे २५ असा भयंकर दर येतो. पुढच्या महिन्यात एकही झाली नाही तर शून्य. दोन्ही आकड्यांवरून तुमच्या कामाबद्दल काहीच कळत नाही, कारण मुळात दिवसच कमी आहेत. वर्षभराची बेरीज करा आणि स्वतःच्याच मागच्या वर्षाशी ताडून बघा. गटात बोलायचं ते पद्धतीबद्दल: लाइन घालताना चेकलिस्ट कोण भरतं, पायरी चुकली तर डॉक्टरांना थांबवायचा अधिकार सिस्टरला आहे का, लाइन काढायची का हे रोज कोण विचारतं.

एक गोष्ट मात्र गट जमल्या जमल्या, पहिल्याच बैठकीत करून टाका. सुई टोचल्यावर काय करायचं याची तुमच्या भागापुरती यादी. पोस्टर सगळ्यांकडे असतं, त्यावर 'पीईपी लवकरात लवकर, ७२ तासांच्या आत' (पीईपी म्हणजे एचआयव्ही टाळायला टोचल्यानंतर घ्यायची औषधं) लिहिलेलंही असतं. पण शनिवारी रात्री अकराला नवीन सिस्टरला सुई टोचली, रुग्ण एचबीएसएजी (हेपेटायटिस बी) पॉझिटिव्ह आहे, तिच्या लसीचे डोस अर्धवट आहेत, तर हेपेटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) या क्षणी कुठल्या दुकानात मिळेल? ते शक्यतो २४ तासांत द्यायचं असतं. एचआयव्हीची औषधं जवळच्या कुठल्या सरकारी केंद्रात रात्री उघडी मिळतात आणि तिथे कॅज्युअल्टीत कोणाला भेटायचं? हे कुठल्याही मार्गदर्शक तत्त्वांत सापडणार नाही. बोरिवली ते गोरेगाव पट्ट्यातल्या दहा सिस्टर एकत्र बसल्या तर अर्ध्या तासात यादी तयार होते. दर तीन महिन्यांनी फोन करून ती पडताळून घ्या, कारण दुकानांचा साठा आणि ड्युटीवरचे लोक बदलतात. अशी रात्र ज्या मुलीवर येते तिच्या चेहऱ्यावरची भीती मी पाहिली आहे. तिला त्या क्षणी भाषण नको असतं, पत्ता हवा असतो.

कंपन्यांबद्दलही सांगते. हँडरब, डिसइन्फेक्टंट, वाइप बनवणाऱ्या कंपन्या ग्रुप चालवतात, वेबिनार घेतात, आणि त्यातलं काही शिकवणं खरोखर चांगलं असतं. जरूर ऐका. पण कंपनीचा माणूस तुमच्या गटात सभासद नको. तो असला की 'आमचं द्रावण काम करत नाही असं वाटतंय' हे वाक्य कोणी उच्चारणार नाही, आणि तेच तर ऐकायला आपण जमतो. कुठलं द्रावण घ्यावं हा प्रश्न आला तर कुठल्या जंतूवर, किती प्रमाणात, किती मिनिटं ओलं राहायला हवं, एवढं विचारा आणि बाटलीवरचं लेबल वाचा.

एप्रिल २०२० आठवा. कर्मचाऱ्यांना लागण झाली म्हणून मुंबईतली काही खासगी हॉस्पिटलं बंद करावी लागली होती. त्या आठवड्यांत एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेल्या हॉस्पिटलच्या सिस्टर रात्री उशिरापर्यंत एकमेकींना फोन करत होत्या: डॉफिंगची (पीपीई काढायची) जागा कुठे केली, जेवायच्या खोलीत मास्क निघतो तिथे काय केलं, एन-९५ किती वेळा वापरता. कोणी परवानगीची वाट पाहिली नाही आणि त्यामुळे कोणत्याही हॉस्पिटलचं नाव खराब झालं नाही. ते दिवस सरल्यावर बरेच फोन बंद पडले, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मेट्रनचं. त्यांची भीती खोटी नाही. बाहेर गेलेल्या एका स्क्रीनशॉटने हॉस्पिटलला काय भोगावं लागतं हे त्यांनी बघितलं असेल, आणि जबाब त्यांनाच द्यावा लागतो. म्हणून त्यांना टाळून गटात जाऊ नका. एका कागदावर लिहून द्या: गटात कोण आहेत, कुठली माहिती कधीच बाहेर जाणार नाही, प्रत्येक बैठकीनंतर काय शिकलो ते मी दोन दिवसांत तुम्हाला सांगेन. तो कागद हॉस्पिटल इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मांडा आणि मिनिट्समध्ये नोंद करून घ्या. एनएबीएचच्या असेसरला दाखवायला तीच नोंद मेंबरशिपच्या पावतीपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण त्याखाली तुम्ही प्रत्यक्षात काय बदललं तेही लिहिता येतं. आणि जमलं तर पहिल्या बैठकीला मेट्रननाच सोबत न्या. दुसऱ्या हॉस्पिटलच्या मेट्रन तिथे असतील तर त्या दोघी तुमच्या विषयाकडे वळायच्या आधी स्टाफ टिकत नाही यावर अर्धा तास बोलतील. बोलू द्या. पुढच्या बैठकीची तारीख बहुतेक त्याच ठरवतील.